कायाक : बांधणी, तरणक्षमता व सुरक्षितता

ग्रीनलंड, उत्तर कॅनडा व अलास्का येथील इन्युइट (एस्किमो) आणि अल्यूशन बेटांवरील अल्यूट या लोकांनी समुद्रातील शिकारीसाठी व मच्छीमारीसाठी विकसित केलेली लांब, अरुंद व वरून आच्छादिलेली नौका. ती दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवितात. हिमशीतल समुद्रात नौका उलटणे म्हणजे बहुधा मृत्यूच असल्यामुळे, पाणी आत येऊ नये व आले तरी नौका बुडू नये यांसाठी केलेल्या योजनांचा इतिहास हाच एका अर्थी कायाकचा इतिहास होय.

पारंपरिक कायाकचा सांगाडा समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा असे. सांधे चामड्याच्या वाद्यांनी व लाकडी खुंट्यांनी बांधीत. त्यामुळे लाटांच्या माऱ्यात सांगाडा मोडण्याऐवजी किंचित लवत असे. त्यावर सीलचे कातडे ताणून शिवीत. हे काम स्त्रिया करीत. सुई कातड्याच्या जाडीतून आरपार जाऊ न देता त्या टाका घालीत, म्हणजे शिवणीतून पाणी झिरपत नसे. कातडे फार वेळ भिजल्यास ते मऊ पडे. म्हणून त्यास वारंवार चरबी चोळावी लागे व शिकारीहून परतल्यावर नौका वाळवावी लागे.

ग्रीनलंडची कायाक सु. ५ मी. लांब व सु. ५० सेंमी. रुंद असते. कोकणातील काही होड्या कलंडू नयेत म्हणून त्यांना बाजूस उलांडी जोडतात. कायाकला असा आधार नसतो. तिचा तोल नावाडीच सांभाळतो. तो अंगात कातड्याचा जलाभेद्य, टोपीसह अंगरखा घाली. तो चेहऱ्याभोवती व मनगटांशी आवळून, त्याचा घेर बैठकीच्या तोंडावरील कड्यास घट्ट बांधीत. अशा रीतीने माणूस व नौका मिळून एकच बंद पोकळी तयार होई. नौका उलटली, तरी बाहेर न पडता वल्ह्याच्या फटकाऱ्याने नावाडी ती पुन्हा सुलटी करी. डाव्हिट क्रांट्स या जर्मन मिशनऱ्याने १७६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रीनलंडच्या इतिहासात या उलथापालथीचे दहा प्रकार वर्णिले आहेत. वल्हे हातून निसटल्यास भालाफेकीच्या फळीने, तीही गेल्यास नुसत्या हाताने नौका सुलटी करणे, हे त्यांपैकीच होत. सीलच्या कातड्याची हवा भरलेली पिशवी कायाकवर मागे ठेवीत. भाला लागलेले जनावर बुडू नये, हा तिचा मुख्य उपयोग. प्रसंगी ती नावाड्यासही आधार देई.

तथापि हे कौशल्य पूर्ण संरक्षण देत नसे. ग्रीनलंडमधील पुरुषांच्या मृत्यूंचे कायाकवरील अपघात हे एक मोठे कारण होते. वादळाप्रमाणेच अगदी निवांत हवाही घातक ठरे. आरशासारख्या पाण्यावर एकाकी बसलेल्या शिकाऱ्याला क्षितिज व पाणी यांतील भेद कळेनासा होऊन तोल जात असल्याचा भास होई. या ‘कायाक-भोवळी’मुळे अनेकांना समुद्र कायमचा सोडावा लागला.

नॉर्वेजियन समन्वेषक फ्रित्यॉफ नान्सेन हा १८८८-८९ च्या हिवाळ्यात ग्रीनलंडमध्ये कायाक चालविण्यास शिकला. ऑस्ट्रियाच्या एडी पावलाटा याने १९२७ मध्ये केवळ लिखित वर्णनांच्या आधारे नौका सुलटी करण्याची क्रिया साध्य केली. जीनो वॉटकिन्स या ब्रिटिश समन्वेषकाने ती ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून शिकून घेतली होती. तरीही ऑगस्ट १९३२ मध्ये पूर्व ग्रीनलंडमध्ये तो एकटाच सीलच्या शिकारीस गेला असता त्याची रिकामी कायाक तेवढी सापडली. पुढे यांत्रिक नौकांमुळे खुद्द ग्रीनलंडमध्येही ही विद्या मागे पडली. १९८० नंतर तेथील कायाक-मंडळांनी तिचे पुनरुज्जीवन केले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कातड्याची जागा प्रथम काचतंतू-प्लॅस्टिकने व नंतर पॉलिएथिलिनाने घेतली. १९७० नंतर अमेरिकेत ‘वर बसावयाची’ कायाक प्रचारात आली व छंद म्हणून मासे पकडणाऱ्यांत ती विशेष लोकप्रिय झाली. तिचे अंग सर्व बाजूंनी बंद व पोकळ असते. बैठकीतील पाणी आरपार गेलेल्या नळीवजा छिद्रांतून आपोआप खाली निचरते. परंतु सामानाच्या कप्प्याचे सैल झाकण, गळाची काठी रोवण्यासाठी बसविलेल्या खोबणीचे स्क्रू किंवा छिद्राजवळील तडा यांतून पाणी पोकळीत शिरू शकते व वरून ते दिसत नाही. बंदिस्त हवेचे प्रत्येक लिटर सु. १ किग्रॅ. भार तोलते, शिरलेले पाणी तेवढा आधार हिरावून घेते. शिवाय ते कललेल्या बाजूस धावून नौका अधिकच कलंडविते. म्हणून निघण्यापूर्वी झाकणे व बूच तपासणे, पोकळीत हवेच्या पिशव्या अथवा फेसाचे ठोकळे बसविणे आणि हातपंप जवळ ठेवणे अगत्याचे असते. नौका संथ किंवा जड वाटू लागताच किनारा गाठणे श्रेयस्कर.

जीवरक्षक जाकीट अंगात घातलेलेच हवे. नौकेवर बांधून ठेवलेले पाण्यात पडल्यावर हाती येत नाही. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा विशेष फसवा असतो, कारण किनाऱ्यालगत पाणी शांत दिसते व दूर गेल्यावर परतणे अशक्य होते. थंड पाण्यात प्रथम श्वासाचा ताबा सुटतो व थोड्याच वेळात हातांतील बळ जाते. यामुळे कपडे हवेच्या नव्हे, तर पाण्याच्या तापमानास अनुसरून निवडावे लागतात. वर बसावयाच्या कायाकशी नावाडी बांधलेला नसल्याने ती उलटताच तो पाण्यात फेकला जातो. त्यामुळे इन्युइट शिकाऱ्याच्या उलथापालथीची जागा येथे पाण्यातून नौकेवर पुन्हा चढण्याच्या क्रियेने घेतली आहे. जलाभेद्यतेचे काम शिवणीकडून साच्याकडे गेले. तरी ही क्रिया उथळ पाण्यात वारंवार करून अंगवळणी पाडल्याखेरीज खोल समुद्रात जाणे धोक्याचेच ठरते.