जंतूंच्या पोटातलं प्लास्टिक

पॉलिथिनचा शोध १९३३चा, इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीतला. त्याच्या सात वर्षं आधी, १९२६ साली, फ्रान्समधल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिस लम्वान्य यांनी बॅसिलस मेगाटेरियम या जंतूच्या पेशींमधून एक पदार्थ काढून ओळखला होता. पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, थोडक्यात पीएचबी. मातीत टाकलं तर मातीतलेच जंतू खाऊन संपवतात असं हे प्लास्टिक आपल्या कॅरीबॅगेपेक्षा वयाने थोरलं आहे, आणि तरी दुकानात त्याला कोणी ओळखत नाही.

कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे तेव्हा पीएचबी म्हणजे बीएस्सीचं एक प्रॅक्टिकल. स्मिअर घ्यायचा, आचेवर फिक्स करायचा, सुदान ब्लॅक दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, झायलीनने धुवायचं, शेवटी सॅफ्रानिनचा ओझरता हात. ऑइल इमर्शनखाली गुलाबी पेशीत निळसर काळे ठिपके दिसतात. मुलं सॅफ्रानिन विसरून गप्पा मारत बसायची आणि सगळंच लाल करून आणायची. एखादी विचारायची, "मॅडम, प्लास्टिक म्हणजे पिशवीचं?" बाकीची हसायची. प्रश्न अगदी नेमका होता. हसायची ती जर्नल पूर्ण न केलेली.

ते ठिपके तिथे का असतात, हे एडिंबराच्या मॅक्रे आणि विल्किन्सन यांनी १९५८ साली दाखवलं. साखर भरपूर आणि नायट्रोजन तोकडा असला की जंतू पीएचबी साठवतो. खायला मिळेनासं झालं की तेच मोडून खातो. पेशीतली कणगीच ती. त्याच सुमारास अमेरिकेतल्या डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीने पेटंटं घेतली, थोडा माल करून पाहिला आणि नाद सोडला.

खरी हिंमत केली ती पुन्हा आयसीआयनेच. १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, भाव भडकले, तेव्हा तेलावर पोसलेल्या या कंपनीला साखरेपासून प्लास्टिक करावंसं वाटलं. कंपनीच्या बिलिंगहॅमच्या कारखान्यात मोठाल्या फर्मेंटरचा हात बसलेली माणसं होती. मिथेनॉलवर जंतू वाढवून जनावरांसाठी 'प्रूटीन' नावाचं खाद्य करण्याचा खटाटोप तिथेच चालला होता. पीएचबीसाठी त्यांनी निवडला अल्कॅलिजिनिस युट्रोफस, कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत प्लास्टिक भरून घेणारा. निव्वळ पीएचबी ठिसूळ, शिवाय वितळता वितळताच ते बिघडू लागतं. ग्लुकोजबरोबर प्रोपिऑनिक आम्ल चारलं, की जंतू जरा लवचीक प्लास्टिक करतो. ते बायोपॉल. १९९०मध्ये जर्मनीत वेल्ला कंपनीचा शाम्पू त्याच्या बाटलीत भरून विकायला आला.

पण तोवर तेल पुन्हा स्वस्त झालं होतं आणि बायोपॉल साध्या प्लास्टिकच्या कित्येक पट महाग. १९९३मध्ये आयसीआयमधून फुटून निघालेल्या झेनेकाकडे ते गेलं, १९९६मध्ये मोन्सँटोकडे, २००१मध्ये मेटाबोलिक्सकडे. या सगळ्या फिरतीत जंतू कुठेच कमी पडला नाही, असं मला ठामपणे वाटतं. अडलं ते त्याच्या बिलापाशी: ग्लुकोज, टाक्या निर्जंतुक ठेवणं, हवा खेळवायची वीज, आणि शेवटी पेशी फोडून माल वेगळा काढणं.

यातलं निदान जेवण उकिरड्यावरून आणता येईल का, हे डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात केविन ओ'कॉनर यांच्या गटाने करून पाहिलं. २००६मध्ये पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्मोकोल ज्याचा होतो ते. २००८मध्ये पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं. हे पेटसुद्धा जुन्या ओळखीचं. १९४१मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्समध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी ते शोधलं, आणि आयसीआयने त्याचा धागा टेरिलीन नावाने कारखान्यात आणला. आमच्या वडिलांच्या पिढीने मिरवलेला, इस्त्री न मोडणारा शर्ट आणि रस्त्यात पडलेली बाटली, रसायन एकच.

ओ'कॉनर यांच्या गटाने पेट ४५० अंश सेल्सियसला तापवून त्याचा भुगा केला. त्यातला मोठा भाग टेरेफ्थॅलिक आम्लाचा. ते खाणारे जंतू त्यांना पेटच्या एका कारखान्याच्या मातीत सापडले. मला या संशोधनातला हा भाग सगळ्यात आवडतो. हे स्यूडोमोनास गटातले जंतू त्या आम्लावर वाढले आणि त्यांनी पीएचबीच्याच कुळातलं, पण मऊ, पीएचए पोटात साठवलं. टाकाऊ बाटलीतून मातीत जिरणारं प्लास्टिक आलं, खरं. पण पहिला घास जंतूचा नव्हता, भट्टीचा होता.

तो घास घेणारा जंतू जपानमध्ये निघाला. साकाई शहरात, पेट बाटल्यांचा पुनर्वापर होतो तिथल्या नमुन्यांतून; योशिदा आणि ओदा यांच्या गटाने २०१६मध्ये तो जाहीर केला. इडिओनेला साकाइएन्सिस. दोन विकरं वापरून तो पेट थेट तोडतो. पातळ फिल्म ३० अंशांना सुमारे सहा आठवड्यांत फस्त करतो. २०२१मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की पेटवर वाढताना हाच जंतू पेशीत पीएचए साठवतो. मधे ना ग्लुकोज, ना दुसरा जंतू. फक्त ती फिल्म सैल रचनेची होती. ताणून घट्ट केलेलं बाटलीचं पेट त्याच्या विकरांना फारसं तुटत नाही. ते आधी वितळवून झटकन थंड करावं लागतं, म्हणजे भट्टी आलीच.