ठिणगीच्या टोकावरचा इतिहास

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून दिल्लीतील जुन्या मोटारींच्या शौकिनांना एक प्रश्न सतावतो आहे: आता प्लग कोणता लावायचा? प्रश्न गॅरेजमधला खरा, पण त्याच्या उत्तरात राजधानीच्या इंधनाचा इतिहास दडला आहे.

आधी थोडे भौतिकशास्त्र. वायूत ठिणगी पडण्यास लागणारे व्होल्टेज वायूचा दाब आणि इलेक्ट्रोडांमधील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, हे फ्रिडरिख पाशेन यांनी 1889 मध्ये दाखवले. मोकळ्या हवेत 1 मिलिमीटर फटीला साधारण 4 हजार व्होल्ट लागतात. सिलिंडरमधील दाबलेल्या मिश्रणात त्याहून बरेच अधिक. बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी 1902 मध्ये उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि प्लग यांची जोडी जमवली, तेव्हापासून हा हिशेब तसाच आहे. म्हणून दुबळ्या कॉइलच्या जुन्या गाडीत फट 0.5 ते 0.6 मिलिमीटरच ठेवतात. इलेक्ट्रोड झिजले की फट वाढते आणि थंडीतल्या सकाळी गाडी रुसते.

दुसरी कसोटी तापमानाची. प्लगच्या निरोधकाचे टोक सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या वर राहिले तरच काजळी जळून जाते. 850 च्या पलीकडे गेले, तर ठिणगीआधीच मिश्रण पेटते. टोक लांब असेल तर उष्णता सावकाश निघते, तो ‘गरम’ प्लग. आखूड असेल तर ‘थंड’.

येथे कायदा मध्ये येतो. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. मात्र रोजच्या वापराला मनाई आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1960 च्या दशकात निघालेल्या फियाटही आता त्या वयाच्या झाल्या. प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यापुरत्या संथ फेऱ्यांत प्लग पुरेसा तापतच नाही. 1964 पासून दिल्लीत भरणाऱ्या स्टेट्समन रॅलीसारख्या मिरवणुकीसाठी कंपनीच्या शिफारशीपेक्षा एक पायरी गरम प्लग लावणे मला सयुक्तिक वाटते. लांबच्या वेगवान प्रवासाआधी मात्र तो काढावा.

आता इंधन. शिशाच्या पेट्रोलच्या काळात प्लगवर शिशाच्या क्षारांचा थर बसे. तापल्यावर तो वीज वाहू देई आणि ठिणगी चुके. मेकॅनिक तो खरवडून काढत. तेच शिसे मुलांच्या रक्तात उतरत होते, आणि तेथे खरवडण्याची सोय नव्हती. दिल्लीत 1995 मध्ये शिसेविरहित पेट्रोल आले, 1998 मध्ये शिशाच्या पेट्रोलची विक्री थांबली आणि 2000 मध्ये ते देशभरातून गेले. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकींना शिशाचा आधार होता, ही तक्रार खरी. पण तिची किंमत काही मुलांनी मोजायची नव्हती.

इथेनॉलचे गणित निराळे. त्याच्या वजनाचा सुमारे 35 टक्के भाग ऑक्सिजनच असतो. एक किलो पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9. कार्बोरेटरचे जेट बदलले नाहीत, तर मिश्रण विरळ होते आणि प्लगचे टोक फिकट तपकिरीऐवजी पांढुरके दिसू लागते. अशा वेळी अनेकजण थंड प्लग लावून मोकळे होतात. हा ताप उतरवून आजार तसाच ठेवण्याचा प्रकार आहे. आधी जेट मोठा करावा, रबरी नळ्या तपासाव्यात, मग दहाएक किलोमीटर गाडी चालवून प्लग काढावा आणि त्याचा रंग पुन्हा पाहावा.