मिनी मोटारीच्या इंजिनाची क्षमतावृद्धी

मिनी मोटारीच्या इंजिनाची क्षमतावृद्धी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने १९५९ साली बाजारात आणलेल्या मिनी या छोट्या मोटारीची शक्ती वाढवण्यासाठी तिच्या एक्झॉस्ट, कार्ब्युरेटर आणि सिलिंडर हेड यांत केले जाणारे फेरबदल होत. मिनीचे उत्पादन २००० साली थांबले. परंतु जुन्या मोटारींच्या हौशी मालकांमध्ये हे फेरबदल आजही प्रचलित आहेत. मूळ इंजिनाच्या रचनेतील एका विशिष्ट अडचणीभोवती हे सर्व शास्त्र उभे राहिले आहे.

पार्श्वभूमी

मिनीतील 'ए-मालिका' इंजिन मुळात तिच्यासाठी बनलेले नव्हते. १९५१ च्या ऑस्टिन ए-३० या मोटारीत ते प्रथम ८०३ सीसी आकारात आले. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मिनीची आखणी करताना तेच इंजिन आडवे बसवले आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली, तेलाच्या टाकीतच सामावला. पहिल्या मिनीचे इंजिन ८४८ सीसीचे, सुमारे ३४ अश्वशक्तीचे होते. शर्यतीच्या मोटारी बांधणारे जॉन कूपर यांच्या आग्रहातून १९६१ मध्ये ९९७ सीसी, ५५ अश्वशक्तीची 'मिनी कूपर' निघाली. त्यानंतर १९६३ मध्ये १०७१ सीसीची आणि १९६४ मध्ये १२७५ सीसीची 'कूपर एस' आली. माँटे कार्लो रॅलीत मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली विजय मिळवला. याच काळात विल्टशरमधील डाउंटन या गावी डॅनिएल रिचमंड यांनी ए-मालिकेची सिलिंडर हेड हाताने घासून सुधारण्याचे काम नावारूपाला आणले.

जुळ्या द्वारांची अडचण

चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला हवा-इंधन मिश्रण आत घेण्याचे एक आणि जळालेले वायू बाहेर टाकण्याचे एक, अशी एकूण आठ द्वारे असणे स्वाभाविक ठरले असते. ए-मालिकेत ती पाचच आहेत. पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरांचे मिळून एक आणि तिसऱ्या व चौथ्याचे मिळून एक, अशी दोन अंतर्द्वारे. बाहेर जाणाऱ्या वायूंसाठी पहिल्याला व चौथ्याला स्वतंत्र वाट आहे. मधल्या दोघांना मात्र एकाच द्वारातून वायू सोडावे लागतात. अशा सामाईक द्वारांना 'सयामी द्वारे' म्हणतात. या रचनेमुळे हेड लहान व स्वस्त झाले, पण इंजिनाच्या श्वासोच्छ्वासावर मर्यादा पडली.

इंजिनातील ज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा आहे. त्यामुळे दुसऱ्यामागोमाग लगेच पहिला आणि तिसऱ्यामागोमाग लगेच चौथा सिलिंडर मिश्रण ओढू लागतो. एकाच वाटेवरचे दोन शेजारी पाठोपाठ हात पुढे करतात आणि एकाच्या वाट्याचे मिश्रण दुसरा पळवतो. एक्झॉस्टच्या बाजूला परिस्थिती बरी आहे. मधल्या द्वारातून बाहेर पडणारे दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांचे झोत क्रँकशाफ्टच्या बरोबर एका फेऱ्याच्या, म्हणजे ३६० अंशांच्या, समान अंतराने येतात. पहिल्या व चौथ्याचेही तसेच. एक्झॉस्टमधील सुधारणा सहसा प्रथम हाती घेतली जाते, ती स्वस्त असते म्हणूनच नव्हे, तर या अनुकूलतेमुळेही.

एक्झॉस्ट

झडप उघडताच बाहेर पडणाऱ्या वायूच्या झोताबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी जिथे रुंद होते किंवा संपते तिथून ती कमी दाबाची लाट होऊन परत फिरते. ही परतीची लाट योग्य क्षणी झडपेपाशी पोहोचली, तर सिलिंडरमधला उरलासुरला वायू ओढला जातो आणि ताजे मिश्रण आत येण्यास मदत होते. मूळ मोटारीच्या बिडाच्या आखूड मॅनिफोल्डमध्ये तिन्ही वाटा लगेच एकत्र येत असल्याने हा लाभ मिळत नाही आणि एका सिलिंडरचा झोत दुसऱ्याच्या आड येतो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे 'लाँग सेंटर ब्रँच' मॅनिफोल्ड. त्यात कडेच्या दोन नळ्या एकमेकींना मिळतात आणि मधली लांब नळी बरीच पुढे जाऊन त्यांना मिळते. पुढील नळीचा व्यास नेहमीच्या वापरातील इंजिनांसाठी साधारणतः पावणेदोन इंच ठेवतात. त्याहून बरीच रुंद नळी लावल्यास वायूंचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ घटते. 'इंजिनाला थोडा मागचा दाब लागतोच' हा गॅरेजमधला समज बहुधा या अनुभवातून आला असावा. प्रत्यक्षात लागतो तो दाब नव्हे, वेग. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, हा समजही तितकाच भाबडा आहे.

मूळ मॅनिफोल्डमध्ये एक्झॉस्टच्या उष्णतेने अंतर्द्वाराची नळी तापत असे. मॅनिफोल्ड बदलल्यावर ती ऊब जाते आणि थंडीत इंजिन अडखळते. म्हणून इंजिनातील गरम पाणी फिरवता येईल अशी अ‍ॅल्युमिनियमची अंतर्नळी बसवणे इष्ट असते.

मिश्रण

एक्झॉस्ट मोकळा झाला आणि हवा गाळणारा फिल्टर बदलला की इंजिनात अधिक हवा जाते. इंधन तेवढेच राहिले तर मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रणाने इंजिन तापते आणि दट्ट्याला किंवा एक्झॉस्टच्या झडपांना इजा होऊ शकते. मिनीच्या एसयू कार्ब्युरेटरमध्ये निमुळती सुई जेटमध्ये वरखाली होऊन इंधनाचे प्रमाण ठरवते. तेव्हा योग्य जाडीची सुई निवडणे हा या कामाचा अविभाज्य भाग आहे. फिल्टर, मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट व सुई या संचाला 'स्टेज वन' म्हणतात. मॅनिफोल्ड बदलून सुई तशीच ठेवणे हा अर्धवट आणि धोक्याचा उद्योग होय.

सिलिंडर हेड

यापुढचा टप्पा हेडचा. ९९८ सीसीच्या इंजिनावर '१२जी२९५' या क्रमांकाचे हेड बसवणे लोकप्रिय आहे. १२७५ सीसी इंजिनाचे मोठ्या झडपांचे '१२जी९४०' हेड मात्र त्यावर थेट चालत नाही. तसे केल्यास एक्झॉस्टच्या झडपा ब्लॉकच्या कडेवर आदळतात. त्यासाठी ब्लॉकमध्ये खाचा घ्याव्या लागतात किंवा झडपा खोल बसवाव्या लागतात. हेड उतरवलेच असेल, तर झडपांच्या बैठकींना कठीण पोलादी कडी बसवून घेतात, कारण शिसेविरहित पेट्रोलवर मूळ बिडाच्या बैठकी झिजतात.

मर्यादा

मूळ मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. कूपरला अधिक शक्तीबरोबरच पुढे डिस्क ब्रेक मिळाले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गिअरबॉक्स व इंजिन एकाच तेलावर चालत असल्याने वाढलेल्या ताणात ते तेल अधिक लवकर बदलावे लागते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनाच्या फेरबदलांवर निर्बंध घालते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनाला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. मात्र ते मूळ स्वरूपात असावे आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणून अनेक मालक काढलेला मूळ मॅनिफोल्ड व कार्ब्युरेटर जपून ठेवतात. भारतीय वाचकाच्या ओळखीच्या हिंदुस्थान अँबेसेडरमध्ये वर्षानुवर्षे बसवले गेलेले १४८९ सीसीचे 'बी-मालिका' इंजिन याच घराण्यातील असून त्याच्या हेडलाही अशीच पाच द्वारे आहेत.