टोरांटोत आलेले दोन स्वीडिश

नोव्हेंबर २०२२ मधला एक व्हिडिओ मी बऱ्याच वेळा पाहिलाय. टोरांटोचं खच्चून भरलेलं स्टेडियम, खाली बर्फ आणि त्यावर उभा असलेला एकाहत्तर वर्षांचा एक माणूस. त्याला बोलता येत नाही. हातही नीट उचलता येत नाही. शेजारी उभा असलेला जुना सहकारी डॅरिल सिटलर रडतोय आणि त्याचा हात स्वतःच्या हाताने वर उचलून धरतोय. लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत, थांबतच नाहीत.

तो माणूस म्हणजे बोर्ये साल्मिंग. एएलएस नावाच्या आजारात मेंदूचा स्नायूंवरचा ताबा हळूहळू सुटत जातो, तो त्याला झाला होता. या व्हिडिओनंतर दोन आठवड्यांच्या आत, २४ नोव्हेंबरला तो गेला.

मला तोवर हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि हिरवं मैदान एवढंच माहीत होतं. आइस हॉकीत बर्फावर स्केट्स घालून खेळतात, चेंडूऐवजी रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात आणि समोरच्याला अंगाने धडक देणं नियमातच बसतं, हे सगळं मी साल्मिंगमुळे शिकलो. शिकता शिकता लक्षात आलं, की ही गोष्ट एकट्या साल्मिंगची नाही. तिच्यात दुसरा एक माणूस आहे, आणि तो बहुतेकांच्या आठवणीतून निसटलाय.

सुरुवात स्वीडनच्या अगदी उत्तरेला, किरुना या लोखंडाच्या खाणीच्या गावापासून करू. उत्तर ध्रुववृत्ताच्याही वरचा हा भाग. साल्मिंगचा जन्म १९५१चा. वडिलांच्या बाजूने तो सामी, म्हणजे रेनडिअर पाळणाऱ्या तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. तो पाच वर्षांचा असताना वडील खाणीतल्या अपघातात गेले. आईने मुलांना वाढवलं. थोरला भाऊ स्टिग हॉकी खेळायचा, त्याच्यामागे हाही गेला. पुढे येव्ले शहरातल्या ब्रिनेस क्लबकडून खेळताना त्याने १९७१ आणि १९७२ अशी लागोपाठ दोन वर्षं स्वीडनचं विजेतेपद मिळवलं.

१९७२च्या नाताळच्या सुमारास टोरांटो मेपल लीफ्स या टीमचा स्काउट जेरी मॅकनमारा स्वीडनला आला. त्याला पाहायचा होता एक गोलकीपर. तो निघाला जखमी. मग मॅकनमारा ब्रिनेसचा एक सामना बघायला गेला. समोर कॅनडाहून दौऱ्यावर आलेली टीम होती आणि ती धसमुसळा खेळ करत होती. ब्रिनेसचे दोन खेळाडू त्याच्या नजरेत भरले. एक होता इंगे हामरस्ट्रोम, चपळ आणि गोल करणारा फॉरवर्ड. दुसरा साल्मिंग. तो बचावपटू होता, पण रेफरीशी झटापट केली म्हणून त्याला सामन्यातून बाहेर काढलं होतं. मॅकनमारा सरळ ड्रेसिंग रूममध्ये गेला. १९७३ साली दोघांनीही टोरांटोशी करार केला.

तेव्हा एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग, जवळजवळ संपूर्ण कॅनेडियन खेळाडूंची होती. साल्मिंगच्या आधी उल्फ स्टर्नर नावाचा स्वीडिश १९६५ मध्ये न्यूयॉर्ककडून फक्त ४ सामने खेळून परतला होता. युरोपात बर्फाचं मैदान जास्त रुंद, खेळ पासिंगचा. मैदानाच्या सगळ्या भागांत धडक द्यायला आंतरराष्ट्रीय नियमांनी परवानगी दिली तीही १९६९च्या सुमारास. अमेरिकेत मैदान अरुंद, धडका रोजच्या आणि हातमोजे टाकून मारामारी करणं हा खेळाचाच भाग. त्यामुळे एक समज पक्का झाला होता: स्वीडिश लोक घाबरट असतात. 'चिकन स्वीड' हा शब्द प्रेक्षकांच्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या तोंडी सर्रास असायचा.

साल्मिंगचा दुसराच सामना फिलाडेल्फिया फ्लायर्सविरुद्ध होता. ही त्या काळातली सगळ्यात दांडगट टीम. तिथे डेव्ह शुल्ट्झ हा त्यांचा मारामारीसाठी प्रसिद्ध खेळाडू साल्मिंगला भिडला. साल्मिंग मागे हटला नाही. पुढची कित्येक वर्षं त्याने काठीचे फटके, कोपरं, ठोसे खाल्ले आणि खेळत राहिला. वेगाने येणाऱ्या पकसमोर तो सरळ आडवा पडायचा. आज कोणी किती शॉट अंगावर घेतले याची मोजणी होते, तेव्हा अशी अधिकृत नोंदच होत नसे. म्हणजे त्याने सोसलेल्या माराचा मोठा हिस्सा कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही. १९८६ मध्ये गोलसमोरच्या गर्दीत तो खाली पडलेला असताना एका खेळाडूच्या स्केटचं पातं त्याच्या चेहऱ्यावरून गेलं. २००हून जास्त टाके पडले. त्याच मोसमात तो परत खेळला.

त्याच वर्षी एक वेगळा डागही लागला. पूर्वी कधीतरी कोकेन घेतल्याचं त्याने मुलाखतीत सांगून टाकलं आणि लीगने त्याला ८ सामन्यांसाठी बाहेर बसवलं.

पण टोरांटोने त्याला कधीच आपलंसं केलं होतं. १९७६च्या कॅनडा कपमध्ये स्वीडनची टीम टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये उतरली. साल्मिंगच्या अंगावर पाहुण्यांची जर्सी होती. त्याचं नाव पुकारलं आणि कॅनेडियन प्रेक्षक उभे राहिले. १६ मोसम टोरांटोत, शेवटचा एक डेट्रॉइटमध्ये, एकूण १,१४८ सामने. १९९६ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये जाणारा तो पहिला स्वीडिश ठरला. स्टॅनली कप मात्र त्याच्या हाताला कधीच लागला नाही.

इथपर्यंतची गोष्ट सगळीकडे अशीच सांगितली जाते: लोक घाबरट म्हणाले, त्याने मार खाऊन त्यांना खोटं ठरवलं. मला ती आवडते. पण मग हामरस्ट्रोमचं काय?

तोही त्याच वर्षी, त्याच टीममध्ये आला. शिव्या त्याच, फटके तेच. तो मारामारीत पडायचा नाही. टोरांटोतल्या चार पूर्ण मोसमांत त्याने दर मोसमाला साधारण २० गोल केले, नव्या देशात आलेल्या खेळाडूसाठी ही चांगलीच कामगिरी. तरी टीमचा मालक हॅरॉल्ड बॅलार्ड जाहीरपणे म्हणाला, की हा खिशात सहा अंडी घेऊन कोपऱ्यात गेला तरी एकही फुटणार नाही. बाहेरच्यांची हेटाळणी एकवेळ समजते, ही घरच्या मालकाची होती. १९७७ मध्ये त्याला सेंट लुइसला देऊन टाकलं आणि काही काळाने तो स्वीडनला परतला.

म्हणजे दोघांची परीक्षा एकच होती आणि तिचा खेळाशी फारसा संबंध नव्हता. किती सोसतोस, हा प्रश्न होता. कॅनेडियन खेळाडूला शूर समजूनच सुरुवात व्हायची. स्वीडिश खेळाडूला आधी रक्त सांडून दाखवावं लागायचं. साल्मिंग त्या परीक्षेत पास झाला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण ती परीक्षाच चुकीची होती, हे म्हणायचं राहून जातं. साल्मिंगला मार खायची हौस नव्हती. तो मुळात अप्रतिम स्केटर होता, मागून पक घेऊन पुढे धावणारा, नेमके पास देणारा. त्याच्या नावावर ६३७ असिस्ट आहेत. अंगावर एकही वळ नसता, तरी तो तेवढाच मोठा खेळाडू असता.

हामरस्ट्रोमची गोष्टही परतल्यावर संपत नाही. पुढे तो स्काउट झाला, आणि तोही कोणासाठी, तर फिलाडेल्फिया फ्लायर्ससाठी! त्याच्या शब्दावर फ्लायर्सने १९९१च्या ड्राफ्टमध्ये पीटर फोर्सबर्ग नावाच्या स्वीडिश पोराला पहिल्याच फेरीत निवडलं. फोर्सबर्ग पुढे कोलोराडोकडून दोनदा स्टॅनली कप जिंकला. स्वीडिश खेळाडूंना बडवून काढण्यासाठी प्रसिद्ध असलेली टीम, आणि तिच्यासाठी स्वीडिश रत्न हेरणारा 'अंडी न फोडणारा' माणूस.

तोवर मॅट्स सुंडिन १९८९च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला होता. पुढे तो टोरांटोचा कर्णधार झाला. २००८ मध्ये निकलस लिडस्ट्रोम स्टॅनली कप उंचावणारा युरोपात घडलेला पहिला कर्णधार ठरला. यांच्यापैकी कोणालाही आधी शुल्ट्झला भिडावं लागलं नाही.

त्या व्हिडिओच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, टोरांटोचा आणखी एक सामना होता. साल्मिंग पुन्हा आला होता. टोरांटोच्या कोचने सामना सुरू करायला सहा खेळाडू उतरवले, गोलकीपरसकट सहाच्या सहा स्वीडिश. मी आता तो व्हिडिओ बघतो तेव्हा त्या सहा जणांकडे बघतो. त्यांच्यातले काही हळुवार खेळणारे आहेत, मारामारीपासून लांब राहणारे. त्यांना कोणी घाबरट म्हणत नाही. त्यांच्यासाठी दार उघडलं ते साल्मिंगने, यात शंका नाही. पण अंडी न फोडता खेळणं हाही खेळच आहे, हे आता सगळ्यांना मान्य झालंय. तेवढ्यापुरता हामरस्ट्रोमही जिंकला, असं मला वाटतं.