भुज : दोनदा उभे राहिलेले नगर

तीर्थयात्रेच्या निमित्ताने कच्छमध्ये जाणारे आपले अनेक बंधुभगिनी भद्रेश्वराचे दर्शन घेऊन परततात. जगडूशाहांनी तेराव्या शतकात जीर्णोद्धार केलेले ते तीर्थ २००१ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले व पुन्हा उभारले गेले, हे बहुतेकांना ठाऊक असते. भुज शहरात मात्र केवळ मुक्काम होतो. वाटाड्या न घेता, एका दिवसात पायी पाहता येईल असे हे नगर आहे. ते कसे पाहावे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

महाराव खेंगारजी पहिले यांनी सोळाव्या शतकात भुज ही राजधानी केली. १६ जून १८१९ रोजी मोठा भूकंप होऊन शहराची अपरिमित हानी झाली. कच्छच्या रणात त्या वेळी जमीन उचलली जाऊन जो लांबलचक बांध तयार झाला, त्याला लोकांनी ‘अल्लाबंद’ असे नाव दिले. कॅप्टन मॅकमर्डो याने लिहिलेला त्या भूकंपाचा वृत्तान्त मुंबईच्या लिटररी सोसायटीने प्रसिद्ध केला होता. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी, प्रजासत्ताकदिनाची झेंडावंदने चालू असतानाच, धरणी पुन्हा हादरली. अधिकृत गणनेनुसार गुजरातेत १३,८०५ माणसे दगावली.

पदयात्रेचा आरंभ हमीरसर तलावाच्या काठी असलेल्या कच्छ संग्रहालयापासून करावा. १८७७ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयातील क्षत्रपकालीन शिलालेख अवश्य पाहावेत. तेथून दरबारगढ जवळच आहे. महाराव लखपतजींच्या आश्रयाने अठराव्या शतकाच्या मध्यास उभा राहिलेला आईनामहाल तेथे आहे. त्याचा कर्ता रामसिंह मालम हा दर्यावर्दी. जहाज फुटल्यामुळे तो हॉलंडला पोहोचला आणि काचकाम, मिनेकाम, घड्याळे अशा कला शिकून मायदेशी परतला. १८१९ चा कंप अनुभवलेल्या या वास्तूचा वरचा भाग २००१ मध्ये कोसळला. उरलेल्या दालनांत आजही आरसे आणि कारंज्यांचा महाल पाहावयास मिळतो. शेजारचा प्रागमहाल कर्नल विल्किन्स याच्या आराखड्यानुसार १८६५ ते १८७९ या काळात बांधला गेला. त्याच्या भिंतींवरील जखमा अनेक वर्षे तशाच होत्या. राजवाड्यांच्या दुरुस्तीला निधी मिळण्यास इतका विलंब का लागावा, असा प्रश्न मनात येतो; पण ज्या शहरात माणसांनाच छप्पर नव्हते, तेथे हा क्रम चुकला असे म्हणवत नाही.

दरबारगढातून वाणियावाडच्या दिशेने निघाल्यावर पावले सावकाश टाकावीत, कारण या नगराचा खरा इतिहास येथे आहे. पूर्वी येथे अरुंद शेऱ्या होत्या. घरे कोसळली तेव्हा राडारोड्याने वाटा बुजल्या व मदत आत पोहोचेना. म्हणून जुन्या शहरासाठी ८ नगररचना योजना आखण्यात आल्या. सर्वांचे भूखंड एकत्र धरून रस्त्यांसाठी प्रत्येकाकडून वाटा घ्यावयाचा, ही ती पद्धत. तिचे मूळ मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात आहे. ३० चौरस मीटरपेक्षा लहान भूखंडांना सूट होती. त्यावर भूखंड जितका मोठा तितकी कपात अधिक. रस्ता मिळाला, पण कुणाचे अंगण गेले, कुणाचा ओटा गेला. काही कुटुंबे रावळवाडी, मुंद्रा रस्ता येथील नव्या वसाहतींत गेली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार तुटला. भाडेकरूंचा प्रश्न तर फारच बिकट, कारण जमीन मालकाच्या नावावर. कपातीचा निर्णय कठोर होता, तरी आमच्या मते तो अटळ होता. शेजार तुटण्याविषयी तसे म्हणता येत नाही.

येथे किल्लारीची आठवण होणे स्वाभाविक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर तेथील गावकऱ्यांना जुने गावठाण सोडून दूर जावे लागले. भुजमध्ये मोडलेल्या शहराच्या जागीच शहर बांधले गेले, म्हणून दरबारगढ आजही बाजाराच्या मध्यभागी आहे.

जिल्हा रुग्णालयाची इमारत बाहेरून पाहिली तरी पुरे. जुने रुग्णालय कोसळले होते. नवीन रुग्णालय जानेवारी २००४ मध्ये खुले झाले. त्याचा भार शिसे व रबर यांच्या आधारांवर तोललेला असून त्यामुळे जमिनीचा हादरा थेट इमारतीत शिरत नाही.

शेवटी भुजिया डोंगर. २८ ऑगस्ट २०२२ रोजी तेथे ४७० एकरांचे स्मृतिवन खुले झाले. उतारावरील पाणी अडविणाऱ्या बंधाऱ्यांच्या भिंतींवर मृतांची नावे कोरली आहेत. संग्रहालयासाठी दोन-तीन तास राखून ठेवावेत आणि उन्हे कलल्यावर डोंगर चढावा. वरून जुने शहर नजरेच्या टप्प्यात येते. दाट घरांमधून सरळ गेलेले रुंद रस्ते दिसतात. ते २००१ नंतरचे.