अण्णांची आखणी आणि धाटावची वही

१९९६ पासून दहा वर्षं मी हमरापूर स्टेशनवर दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी धरली. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. पुढे धाटावची एमआयडीसी. तिथल्या एका रसायन कारखान्यात मी ऑपरेटर होतो. घरीही कारखानाच होता, पण गणपतीचा. आमच्या भागात मूर्तिशाळेला कारखानाच म्हणतात.

धाटावला पहिल्या आठवड्यात मला कोणी मशीनला हात लावू दिला नाही. आधी वही वाचायला लावली. पाळी संपली की जाणारा माणूस त्यात लिहायचा : कोणता वॉल्व्ह किती उघडा आहे, तापमान किती, काय अर्धवट राहिलंय. येणाऱ्याने ते वाचून सही करायची आणि मगच कामाला लागायचं. माणूस घरी गेला तरी त्याला माहीत असलेलं सगळं त्या वहीत मागे राहायचं. पेणच्या आमच्या धंद्याकडे मी आज ज्या नजरेने पाहतो, ती मला या वहीने दिली.

पेणचं नाव निघालं की लोक कलेबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण हा धंदा वाढला तो एकट्या कलेवर नाही. प्रत्येक पिढीत कोणीतरी आपल्या हातातलं काहीतरी दुसऱ्याच्या हाती दिलं, तेव्हा तो वाढला.

पेण मुळात मिठाचं आणि भाताचं गाव. अंतोऱ्याच्या बंदरातून माल मुंबईला जायचा. मूर्तिकामाचा पाया देवधर घराण्याने घातला असं पेणमध्ये मानतात. सुरुवातीचं काम शाडूचं आणि हाताने घडवायचं. गिऱ्हाईक ठरलेलं असे. त्याने पाट आणून द्यायचा आणि चतुर्थीला त्याच पाटावरून मूर्ती न्यायची. १८९३-९४ पासून टिळकांनी सार्वजनिक उत्सवाला बळ दिलं, गिरण्यांमुळे मुंबई वाढत गेली, आणि तिकडे गेलेल्या कोकणी माणसाला चाळीतल्या खोलीतही गणपती हवा होता. मागणी वाढली, घडवणारे हात मात्र तेवढेच होते.

त्यातून साचा आला. साच्याने कला मेली असं म्हणणारे मला आजही भेटतात. मला ते पटत नाही. साच्याआधी एक मूळ मूर्ती घडवावी लागते, आणि तिच्या सोंडेचा बाक किंवा पोटाचा उतार चुकला तर तीच चूक हजार घरांत जाते. साचा बनवू देणं म्हणजे आपलं उत्तम काम आपण नसतानाही होऊ देणं, आणि त्याला मोठं मन लागतं. पुढे प्लास्टर आलं. शाडूची मूर्ती वाळायला कित्येक दिवस जातात, प्लास्टर पंधरा-वीस मिनिटांत धरतं. आत काथ्याचा थर दिला की मूर्ती हलकी होते आणि लांबच्या प्रवासाला टिकते. रबरी साच्यांमुळे बारीक नक्षीही अलगद सुटू लागली.

माझ्या मते पेणचा सगळ्यात मोठा शोध मात्र कच्च्या मूर्तीचा. न रंगवलेली पांढरी मूर्ती ट्रकात भरून गावोगावच्या छोट्या कारखानदारांना विकायची आणि रंग आणि आखणी, म्हणजे डोळे काढणं, त्यांनी तिकडे करायचं. पेणने आपलं काम अर्ध्यावर थांबवलं आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसऱ्यांची घरं चालली. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही आमची गावंही अशीच उभी राहिली. आमच्याकडची पोरं पेण शहरात कामाला जायची, हात बसला की गावात स्वतःची शेड टाकायची. आमच्या घरचा कारखाना उभा करणारे अण्णा त्यातलेच.

अण्णांची खरी ओळख डोळ्यांची. पेणची मूर्ती आखणीवरून ओळखतात. आधी पांढरा, मग दोन्ही कोपऱ्यांत लालसर छटा, मग तपकिरी बुबुळ, त्यात काळा ठिपका, वरच्या पापणीची एका दमात ओढलेली रेघ आणि शेवटी पांढरा बिंदू. रेघ ओढताना अण्णा श्वास रोखायचे. शेडमध्ये तेव्हा कोणी बोलत नसे. कारखान्यातला प्रत्येक डोळा त्यांच्याच हातचा होता. श्रावणाच्या शेवटी ते धड झोपत नसत, आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा.

२६ जुलै २००५ च्या पुरात शेडमध्ये कमरेइतकं पाणी शिरलं. खालच्या फळीवरच्या मूर्ती वाया गेल्या. पाणी उतरल्यावर अण्णा तापाने पडले. ७ सप्टेंबरला चतुर्थी. वाचलेल्या मूर्तींना डोळे नव्हते, आणि कोणती मूर्ती कोणाची, विसार किती आला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते सगळं अण्णांच्या डोक्यात होतं आणि अण्णा ग्लानीत होते. त्या वर्षी ठरलेली किती गिऱ्हाइकं रिकाम्या पाटाने परत गेली ते मी दारात उभं राहून पाहिलं. पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली.

घरी येताना एक कोरी लांब वही आणली. तिच्यात प्रत्येक मूर्तीला नंबर दिला आणि तोच पाटाखाली खडूने लिहिला. रंगाचं प्रमाण चमच्याने मोजून लिहिलं, कारण “अंदाजाने” म्हणजे किती हे तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, “डोळा काही वहीत लिहून येत नाही रे.”

मी वहिनीला त्यांच्या शेजारी बसवलं. तिने पहिल्या दिवशी केलेले डोळे अण्णांनी ओल्या फडक्याने पुसले, दुसऱ्या दिवशीचेही. ते काय पुसतात आणि काय ठेवतात तेवढंच मी लिहीत गेलो : ब्रश कोणत्या नंबरचा, मनगट कुठे टेकवायचं, रेघ कोणत्या कोपऱ्यातून सुरू. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एक जोडी पुसली नाही. आज आमच्याकडे चार बायका आखणी करतात, चौघी गावातल्याच. ब्रश त्यांच्या हातात देऊन बाजूला होणं मला सगळ्यात जड गेलं. हात शिवशिवायचा. पण मी बाजूला झालो तेव्हाच ऑर्डर, माल, बँक यांच्याकडे पाहू शकलो. परदेशी जाणारा माल न्हावाशेव्याला उन्हाळ्यातच लागतो, हे गणितही तेव्हाच जमलं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने पत्रे उडवले. त्याच वर्षी करोनामुळे सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरच्या मूर्तीला दोन फूट अशी मर्यादा आली. चतुर्थी २२ ऑगस्टला. मोठ्या मूर्ती तशाच पडून राहिल्या, पण कोणाचं किती देणं-घेणं हे वहीत होतं, म्हणून भांडण एकही झालं नाही.

एका गोष्टीत मात्र वही रिकामी निघाली. प्लास्टरवर बंदीची चर्चा वाढली तशी लोक पुन्हा शाडू मागू लागले. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती बनवायला वाट दिली, तरी नैसर्गिक पाण्यात त्यांच्या विसर्जनाचा प्रश्न उरलाच. शाडू किती भिजवायचा, लगदा किती मिसळायचा, पावसाळी हवेत तडा जाऊ नये म्हणून मूर्ती कुठे ठेवायची, हे आमच्या घरात कोणालाच नीट येत नव्हतं. प्लास्टर आल्यावर ते मागे पडलं, आणि तोवर अण्णाही गेले होते. शेवटी जोह्यातल्या एका वयस्क काकांकडे पंधरा दिवस जाऊन बसलो. त्यांनी गोळा तळहातावर दाबून भेग कशी पाहायची ते दाखवलं. वहीत त्यांची नऊ पानं झाली आहेत.

पेण-रोह्याकडे तुमच्या घरी कोणी प्लास्टरच्या आधीचं शाडूकाम केलं असेल, तर त्यांना विचारा आणि मला निरोप द्या. दिवाळीनंतर आमची शेड जरा निवांत असते. मी वही घेऊन येईन.