वीस आकडी चावी

1990 च्या दशकात सॅप कंपनीच्या आर/3 या व्यवसाय-प्रणालीवर काम करणाऱ्या प्रोग्रामरांना एक चौकट चांगलीच ओळखीची होती. सॅपच्या मूळ प्रोग्रामला हात लावायला गेलं, की ती पडद्यावर उगवायची आणि वीस आकडी ‘ॲक्सेस की’ मागायची. चावी मिळायची, पण त्या प्रोग्रामचं नाव सॅपकडे नोंदवल्यावरच. म्हणजे हे कुलूप कोणाला अडवण्यापेक्षा कोणी कुठे हात घातला याची वही ठेवण्यासाठी होतं. पुढे हिशेब चुकले, तर बदल कोणाचा यावर वाद घालायला जागा उरत नसे.

असं अजब कुलूप का लागलं, याचं उत्तर सॅपच्या जन्मात आहे. 1972 च्या एप्रिलमध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जर्मन अभियंत्यांनी ही कंपनी काढली. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ऑस्ट्रिंगेनमधला आयसीआय या रसायन कंपनीचा नायलॉन कारखाना. स्वतःचा संगणक नव्हता, तेव्हा हे लोक गिऱ्हाइकाच्याच मशीनवर रात्री आणि सुट्टीच्या दिवशी प्रोग्राम लिहीत. पुढे आर/3 मध्येही ‘अबाप’ भाषेतला सगळा मूळ कोड गिऱ्हाइकाला उघडा वाचता यायचा. आणि उघडा कोड दिसला, की तो दुरुस्त करायला प्रोग्रामरचे हात शिवशिवतातच. शिवाय प्रत्येक धंद्याचे नियम निराळे: कोणाची उधारीची मर्यादा वेगळी, कोणाचं विक्रेत्याचं कमिशन.

दुखणं उघडं पडायचं ते नवी आवृत्ती आल्यावर. ‘एसपीएयू’ या व्यवहार-पडद्यावर बदललेल्या प्रोग्रामांची यादी यायची आणि एकेकाबद्दल ठरवावं लागायचं: आपला बदल ठेवायचा, की सॅपचा नवा कोड घ्यायचा? बदल करणारा माणूस तोवर नोकरी सोडून गेलेला असेल, तर विचारूच नका.

आयबीएमने हेच दुखणं आधी भोगलं होतं. मोठ्या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा मूळ कोड गिऱ्हाइकांच्या हाती असे. ते त्यात बदल करत आणि 1955 पासून चालत आलेल्या ‘शेअर’ या वापरकर्त्यांच्या संघटनेत त्यांची देवाणघेवाणही होई. फेब्रुवारी 1983 मध्ये आयबीएमने जाहीर केलं, की यापुढे फक्त यंत्राला कळणारा कोड मिळेल. सिस्टिम प्रोग्रामर खवळले. त्यांच्या हातून दुरुस्तीचं साधनच काढून घेतलं जात होतं, तेव्हा त्यांचा राग अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

झाकून ठेवण्याला एक निराळी, अभ्यासू बाजूही होती. सॅपच्याच जन्मवर्षी, 1972 मध्ये, डेव्हिड पार्नास यांनी एका निबंधात मांडलं, की पुढे बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवावा. बाहेरच्यांना तो दिसूच नये. आयबीएमच्या ओएस/360 प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांचं मत नेमकं उलट होतं: सगळं सगळ्यांना दिसलं पाहिजे. त्या प्रकल्पाच्या कागदपत्रांची थप्पी सहा महिन्यांत पाच फुटांवर गेली होती. 1975 च्या पुस्तकात ब्रुक्स यांनी पार्नास यांचा विचार बाजूला सारला. वीस वर्षांनी त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी सरळ कबूल केलं, की पार्नास बरोबर होते, मीच चुकलो. असा मोकळा कबुलीजबाब या क्षेत्रात विरळाच.

सॅपने कोड झाकला नाही, पण बदलांसाठी ठरावीक जागा दिल्या, वाड्याला दिंडी दरवाजे ठेवावेत तशा. विक्री-ऑर्डरच्या प्रोग्राममधला ‘एमव्ही45एएफझेडझेड’ हा त्यांतला सगळ्यात प्रसिद्ध. त्यात रिकाम्या उपकृती (छोटे उपप्रोग्राम) तयार असत, गिऱ्हाइकाने आपला कोड तिथे भरायचा. गंमत म्हणजे या मुद्दाम ठेवलेल्या दरवाजालाही तीच वीस आकडी चावी लागायची. आणि एकदा आत शिरलं, की साऱ्या प्रोग्रामचे व्हेरिएबल हाताशी! उधारीची तपासणी करता करता किंमतही बदलता यायची. म्हणून पुढे ‘बॅडी’ नावाच्या खिडक्या आल्या. खिडकीतून जेवढी माहिती हाती दिली जाईल, तेवढ्यावरच काम करायचं.

मग कंपनीने स्वतःच भिंत पोखरली. या शतकाच्या पहिल्या दशकात आलेल्या नव्या रचनेत जवळपास प्रत्येक उपकृतीच्या सुरुवातीला आणि शेवटी आपला कोड घुसवता येऊ लागला, तोही चावीशिवाय. 2015 च्या एस/4हाना प्रणालीत तर वीस आकडी चावी हद्दपारच झाली. आता जोर गाभा, म्हणजे सॅपचा मूळ कोड, स्वच्छ ठेवण्यावर आहे.

मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स या व्यवसाय-प्रणालीत हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने आला. तिथल्या बहुतेक क्रियांच्या आधी किंवा नंतर ‘प्लग-इन’, म्हणजे आपला कोड, जोडता येतो. एका कंपनीने कर्जमंजुरीची क्रिया लिहिली, तर दुसरा कोणी तिच्यात जाणारी रक्कम वाटेतच बदलू शकतो किंवा क्रियाच रद्द करू शकतो. मूळ कोडच्या एका अक्षरालाही धक्का लागत नाही, तरी नियम मोडलेला असतो. डायनॅमिक्सच्या पायाशी असलेल्या डेटाव्हर्सच्या ‘कस्टम एपीआय’मध्ये यावर तोडगा आला. लेखकाचं लॉजिक मुख्य टप्प्यात बसतं आणि इतरांना काय जोडता येईल, हे तोच ठरवतो. पर्याय तीन: काहीच नाही, फक्त काम उरकल्यावर मागाहून चालणारा कोड, किंवा मागाहून चालणारा आणि काम चालू असतानाच चालणारा, असा दोन्ही तऱ्हेचा. मधला पर्याय चतुर आहे. कर्ज मंजूर झाल्याची खबर इतरांना मिळते, त्यावर पत्र-संदेश धाडता येतात, पण मंजुरीत ढवळाढवळ करता येत नाही. आत काय आहे हे मात्र गुपित राहतंच असं नाही. त्या कोडची डॉटनेट डीएलएल (संकलित फाइल) हाती लागली, तर ‘आयएलस्पाय’सारख्या साधनाने तिच्यातलं लॉजिक वाचता येतं.

तीनपैकी एक पर्याय निवडून एपीआय सेव्ह केला, की तो निर्णय खुद्द लेखकालाही बदलता येत नाही. मन बदललं, तर तो एपीआय पुसून नव्याने बनवावा लागतो.